पिकलबॉलची डावी बाजू

एखादा खेळ वाढला, असे कशाच्या आधारावर म्हणायचे? पिकलबॉलच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सध्या आकड्यांत दिले जाते आणि ते आकडे डोळे दिपवणारे आहेत. अमेरिकेतील क्रीडासाहित्य उद्योगाच्या संघटनेच्या पाहणीनुसार तिथे २०२१ मध्ये ४८ लाख लोक हा खेळ खेळत होते. २०२४ मध्ये ही संख्या १ कोटी ९८ लाखांवर गेली. तीन वर्षांत चौपट. आपल्याकडेही पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या सोसायट्यांनी टेनिस कोर्टावर नव्या रेघा मारून घेतल्या, मोकळ्या भूखंडांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर भाड्याची कोर्टे उभी राहिली, सिनेतारे संघमालक झाले. हे सगळे खरे आहे आणि त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. पण जत्रेला लोटलेल्या गर्दीवरून तिथल्या कुस्त्यांचा दर्जा कळत नाही. तो हौद्यात जोड सुटल्यावरच कळतो. पिकलबॉलचा दर्जा मोजायचे असे एक माप आहे आणि ते कोणत्याही कोर्टाशेजारी उभे राहून लावता येते. ते म्हणजे खेळाडूचा बॅकहँड. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या अंगाला चेंडू आला की तो काय करतो, यावर त्या खेळाडूची पातळी ठरते; आणि असे किती खेळाडू तयार झाले, यावर त्या शहराची, राज्याची, देशाची. या मापाने पाहिले तर आपल्याकडचा खेळ पसरला आहे, पण अजून वाढायचा आहे.

हे माप मनाला येईल तसे निवडलेले नाही. ते या खेळाच्या रचनेतच आहे. १९६५ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकलम यांनी सुट्टीतल्या मुलांसाठी हा खेळ उभा केला, तो बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर. म्हणून आजही पिकलबॉलचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब आहे. ज्या बॅडमिंटनचे पहिले नियम १८७३च्या सुमारास पुण्यात बांधले गेले आणि ज्याला इंग्रज अधिकारी 'पूना' म्हणत, त्याचेच हे दूरचे भाचवंड. मात्र जाळे पाच फुटांवरून खाली आले : खांबांपाशी ३६ इंच, मधोमध ३४. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा आखला गेला. त्यात पाय असताना चेंडू हवेत मारायचा नाही. या पट्ट्याला सगळे 'किचन' म्हणतात. सर्व्हिस खालून करायची, आणि सर्व्हिस व तिचा परतावा असे दोन्ही फटके एकेक टप्पा पडल्यावरच घ्यायचे. चेंडू भोके पाडलेल्या प्लास्टिकचा. साडेसहा फुटांवरून सोडला तर तो जेमतेम अडीच-पावणेतीन फूट उसळतो, म्हणजे जाळ्याच्या उंचीपर्यंतच. या सगळ्याचा परिणाम एकच होतो. नुसत्या ताकदीचे मोल घटते. किचनमध्ये हलकेच टाकलेला चेंडू जाळ्याच्या खालीच राहतो. तो आपटता येत नाही, खालून वर उचलून परत मऊच टाकावा लागतो. या मऊ फटक्याला 'डिंक' म्हणतात, आणि चांगल्या सामन्यातली बरीचशी झुंज अशा डिंकांचीच असते.

आता या झुंजीत उभ्या असलेल्या चौघांचा विचार करा. दोन्ही जोड्या आपापल्या किचनच्या रेघेवर उभ्या आहेत आणि त्यांच्यात अंतर आहे १४ फुटांचे. एखादा डिंक थोडा उंच उडाला आणि समोरच्याने तो ताशी ६५ किलोमीटर वेगाने अंगावर मारला, तर चेंडूला हे अंतर कापायला पाव सेकंदही लागत नाही. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला माणसाला साधारण एकपंचमांश सेकंद लागतो. म्हणजे फोरहँड घ्यावा की बॅकहँड, हे ठरवायला वेळच उरत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. इथे शरीराची ठेवण बॅकहँडच्या बाजूने कौल देते. उजव्या हाताच्या खेळाडूने पॅडल छातीसमोर, किंचित डावीकडे कलते धरले तर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंतचा सगळा पट्टा बॅकहँडने झाकला जातो. तेच चेंडू फोरहँडने घ्यायला गेले की कोपर बरगड्यांत अडकते आणि पॅडल वेळेवर पुढे येत नाही. उजवा खांदा आणि कंबर यांच्या मधली ही अडचणीची जागा मुरलेले प्रतिस्पर्धी नेमकी हेरतात. त्यामुळे जाळ्यापाशी बॅकहँड हा मुख्य फटका ठरतो आणि फोरहँड पूरक. इतर रॅकेट-खेळांतून येणाऱ्यांना हा उलटा क्रम पचायला वेळ लागतो. तो पचला की खेळाडू पुढच्या इयत्तेत जातो.

स्पर्धात्मक पिकलबॉलचा गेल्या काही वर्षांचा प्रवासही हेच सांगतो. अमेरिकेत २०१९-२०च्या सुमारास व्यावसायिक दौरे सुरू झाले, २०२१ मध्ये संघांची मेजर लीग आली. त्याआधीच्या पिढीचा बॅकहँड बहुतेक एका हाताचा, कापून मारलेला, बचावाचा होता : चेंडू परत गेला म्हणजे झाले. बाराव्या वर्षी व्यावसायिक झालेल्या ॲना ली वॉटर्सने टेनिसच्या वळणाचा दोन हातांचा बॅकहँड इतक्या जोरकसपणे आणला की, तिच्या डाव्या बाजूला चेंडू टाकणे ही सुरक्षित चाल उरली नाही. पुरुषांत बेन जॉन्सने वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवले, त्यातही जाळ्यापाशी बॅकहँडने हल्ला चढवण्याच्या कौशल्याचा वाटा मोठा होता. साहित्यही त्यामागे गेले. नियमानुसार पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये आणि लांबी १७ इंचांपेक्षा. दोन्ही हात मावतील एवढी मूठ हवी असेल तर चेंडू मारायचा भाग आखूड किंवा अरुंद होतो. तरीही लांब मुठीच्या पॅडलांना मागणी वाढली. मारायची जागा कमी करून घेऊनही खेळाडू दुसऱ्या हाताला जागा देत आहेत, यातच या फटक्याची किंमत कळते.

आपल्याकडे हा फटका कुठे अडतो, ते आपले खेळाडू कुठून येतात यावरून समजते. बॅडमिंटनमधून आलेल्याचे मनगट चपळ असते, पण ते पाच ग्रॅमच्या शटलवर आणि शे-सव्वाशे ग्रॅमच्या आतल्या रॅकेटवर घडलेले असते. इथे चेंडू शटलच्या जवळजवळ पाचपट जड, पॅडल सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचे, त्यात तारांचा झोका नाही. मनगटाचा झटका दिला की चेंडू एकदा जाळ्यात जातो, एकदा बाहेर. टेनिसवाल्याला दोन हातांचा बॅकहँड येतो, पण तो हात मागे नेऊन मोठा झोका घेतो आणि तेवढ्यात चेंडू अंगावर आलेला असतो. टेबल टेनिसवाल्याची पुढे येऊन चेंडू टिपण्याची सवय उपयोगी पडते, पण गुडघे वाकवायची सवय लावावी लागते. क्रिकेट खेळलेल्यांची गंमत वेगळीच आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात मुठीच्या टोकाला आणि उजवा पात्याकडे असतो. पिकलबॉलच्या दोन हातांच्या बॅकहँडमध्ये हे नेमके उलटे होते. ती पकड डावखुऱ्या फलंदाजाची. म्हणून तो फटका उजव्या हाताने ओढला की फसतो आणि 'डाव्या हाताचा फोरहँड' म्हणून मारला की बसतो, कारण तिथे खरे काम डाव्या हाताचे असते.

या सगळ्यांना लागू पडणारी सूत्रे थोडकीच आहेत. पकड सैल, पोळी उलटताना उलथन्यावर असते तेवढीच. घट्ट मुठीतून मऊ फटका निघत नाही. चेंडू बाजूला येईपर्यंत थांबायचे नाही, तो शरीराच्या पुढेच गाठायचा. पॅडल मागे फार न्यायचे नाही. फटका खांद्यातून निघू द्यायचा, मनगट स्थिर ठेवायचे, आणि चेंडू खाली असेल तर पाठ न वाकवता गुडघे वाकवायचे. यात सौंदर्यापेक्षा आरोग्याचा मुद्दा मोठा आहे. उशिरा, वाकल्या कोपराने आणि मनगटाच्या झटक्याने मारलेला एका हाताचा बॅकहँड कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायुबंधावर ताण आणतो. ज्याला आपण 'टेनिस एल्बो' म्हणतो ते दुखणे असेच मागे लागते. चाळिशी-पन्नाशीत व्यायाम म्हणून पॅडल हाती घेतलेल्यांची संख्या पाहता, बॅकहँड नीट शिकवणे हे त्यांना कोर्टावर टिकवून ठेवणेच आहे.

मग हा फटका शिकला का जात नाही? आळसाला दोष देणे सोपे आहे. खरे कारण व्यवहारात दडलेले आहे. आपल्याकडचे पिकलबॉल प्रामुख्याने तासाच्या भाड्यावर चालते. चौघे पैसे काढतात, साठ मिनिटांचे कोर्ट घेतात आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहिल्या मिनिटापासून गुण मोजायला लागतात. गुण मोजायला लागले की कोणीही आपला कच्चा फटका खेळत नाही; तो टाळतो. म्हणजे आठवड्यातून चार दिवस खेळूनही बॅकहँडचा सराव होतच नाही, होतो तो बॅकहँड चुकवण्याचा सराव. वर्षभराने फोरहँड पक्का होतो, सर्व्हिस जमते, आणि डावी बाजू पहिल्या दिवसाइतकीच कच्ची राहते. क्रिकेटचा फलंदाज नेटमध्ये जातो, पैलवान जोर-बैठका मारतो, गवई रियाजाला बसतो. सामना, कुस्ती आणि मैफल नंतर येतात. पिकलबॉलने आपल्याकडे रियाजाची खोली न बांधताच मैफलीचा मांडव घातला आहे. म्हणून कच्चा बॅकहँड हा एकेका खेळाडूचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. हा खेळ ज्या व्यवस्थेत रुजतो आहे, तिची ती खूण आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : हा विरंगुळ्याचा खेळ आहे, लोकांना हसत-खेळत घाम गाळू द्या, तंत्राचे ओझे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. आजोबा आणि नात पहिल्याच दिवशी एकत्र खेळू शकतील असे खेळ थोडे, आणि पिकलबॉलची ही देणगी गमावणे वेडेपणाचे ठरेल. पण सोपा प्रवेश आणि उंच शिखर यांत विरोध नाही. कॅरम आपल्या घराघरात खेळला जातो आणि त्याच कॅरममध्ये महाराष्ट्राने विश्वविजेते दिले. विरंगुळ्याला खेळणाऱ्याने बॅकहँड शिकलाच पाहिजे, असा आग्रह नाही. आग्रह एवढाच की, ज्याला शिकायचे आहे त्याला शिकायची सोय असावी, आणि जे लीग, क्रमवारी व राष्ट्रीय संघ यांची भाषा बोलतात त्यांनी विरंगुळ्याचे माप स्वतःला लावून घेऊ नये.

दुसरा आक्षेप जाणत्या खेळाडूंचा आहे. ते म्हणतात, दुहेरीत बॅकहँड झाकता येतो. उजव्या हाताच्या दोघांच्या जोडीत मधला चेंडू डावीकडच्याने फोरहँडने घ्यायचा, जागा अदलाबदल करून बलवान खेळाडूला त्याच्या आवडत्या बाजूला ठेवायचे, आणि मागे असताना पळत जाऊन फोरहँड घ्यायचा. हे सगळे चालते, पण एका पातळीपर्यंतच. डावीकडे उभा असलेला खेळाडू मध्य सांभाळायला सरकला की त्याची डावी रेघ उघडी पडते, आणि तिथे येणारा चेंडू बॅकहँडनेच घ्यावा लागतो. उजवीकडच्याच्या पोटात आलेला चेंडू जोडीदार घेऊ शकत नाही. पळून फोरहँड घेणाऱ्याला वीस फुटांच्या कोर्टात आपली बाजू मोकळी करून द्यावी लागते. एकेरीत तर लपायला जागाच नाही. समोरचे कच्चे असतील तोवर झाकलेली उणीव उणीव वाटत नाही. समोर एकच जाणता आला की सर्व्हिसपासून शेवटच्या फटक्यापर्यंत सगळे चेंडू तिकडेच येऊ लागतात. स्थानिक स्पर्धा जिंकणारे वरच्या पातळीवर एकाएकी हतबल दिसतात, ते बहुधा याच कारणाने.

तिसरा आक्षेप बाजाराचा आहे : लीग आली, पैसा आला की तंत्र आपोआप येईल. त्यासाठी भारतातल्या घटनाक्रमाकडे पाहावे लागेल. मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी कॅनडात हा खेळ पाहिला, पुढे पॅडल-चेंडू इथे आणले आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. दशकाहून अधिक काळ हा खेळ प्रसिद्धीविना, मूठभर लोकांच्या जिद्दीवर तगला. मग वेग आला. २०२५च्या आरंभी मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात सहा संघांची वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली. ती उभारणाऱ्यांत आशियाई सुवर्णपदक विजेते टेनिसपटू गौरव नाटेकर होते. मराठी वाचकांना बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचे चिरंजीव म्हणून त्यांची वेगळी ओळख आहेच. पुण्याचा संघही त्यात होता आणि पहिले विजेतेपद बेंगळुरूने नेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली आणि जुन्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला. म्हणजे मांडव, वऱ्हाड आणि मानपानाचे वाद या तिन्ही गोष्टी आल्या. लीगने खेळ घराघरात दाखवला, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. पण २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तिच्यामागे गावोगावच्या मंडळांची, मातीच्या मैदानांची आणि शालेय स्पर्धांची कित्येक दशकांची पुण्याई होती. लीगने ते पीक बाजारात आणले. पेरणी आधीच झालेली होती. पिकलबॉलमध्ये पेरणीच्या आधी बाजार भरला आहे. त्यामुळे आजचे बरेच आघाडीचे खेळाडू टेनिस, बॅडमिंटनच्या शेतात पिकलेले आहेत. उसनवारीवर पहिला हंगाम निघतो. दहावा निघत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हा सुखवस्तूंचा खेळ आहे. ज्या राज्यात खो-खोच्या मुलींना धड मैदान मिळत नाही तिथे या गोष्टीची चर्चा तरी का करावी? सार्वजनिक पैसा नव्या चकचकीत कोर्टांवर आधी खर्च व्हावा, असे कोणी म्हणत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण या खेळाची रचनाच त्याला स्वस्त करू शकते. जिल्हा क्रीडा संकुलांत, महापालिकांच्या सभागृहांत आणि शाळांत बॅडमिंटनची कोर्टे आहेत. मापे तीच आहेत. जाळे खाली घेता येईल असे खांब आणि किचनची एक-एक रेघ एवढीच भर लागते. दुपारची ओस पडलेली सभागृहे वापरली तर बॅडमिंटनच्या मुलांवरही अन्याय होत नाही. आणि बॅकहँड डिंकच्या प्राथमिक सरावाला तर कोर्टही लागत नाही. भिंतीवर ३४ इंचांवर खडूने आडवी रेघ ओढली, सात फुटांवर उभे राहिले, की एक चेंडू आणि एक पॅडल यांवर शंभर फटके होतात. सुखवस्तूंचा शिक्का पुसायचा मार्ग खेळाला हिणवण्यात नसून, तो भाड्याच्या कोर्टाबाहेर शिकता येईल असे करण्यात आहे.

करायचे काय, हे यातूनच निघते. कोर्टचालकांनी गर्दी नसलेल्या वेळी सरावासाठी वेगळा, कमी दर ठेवावा आणि जागा असेल तिथे एक भिंत मोकळी सोडावी. रिकाम्या कोर्टापेक्षा ते त्यांच्याही फायद्याचे आहे. मान्यता मिळालेल्या महासंघाने प्रशिक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे प्रमाणपत्र आणावे आणि जुन्या संघटनेत साठलेला अनुभव त्यात सामावून घ्यावा. वाद कोणीही जिंको, दहा वर्षांच्या मुलाला पॅडल धरायला शिकवणारा माणूस दोघांनाही लागणार आहे. बारा आणि चौदा वर्षांखालील जिल्हास्तरीय स्पर्धांची पक्की दिनदर्शिका हवी, कारण आधी फक्त पिकलबॉलच खेळलेली पिढी येईल तेव्हाच या खेळाचा स्वतःचा बॅकहँड तयार होईल. आणि खेळाडूंनी स्वतःशी एक साधा करार करावा : साठ मिनिटांतली पहिली पंधरा मिनिटे गुण न मोजता, तिरप्या बॅकहँड डिंकांना द्यायची. चौघांनी ठरवले तर यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मराठीत 'डावे-उजवे करणे' म्हणजे दुजाभाव करणे, आणि डावी बाजू म्हणजे कमजोर बाजू. पिकलबॉलने आपल्याकडे आतापर्यंत हे दोन्ही केले. जे दिसते, विकले जाते आणि टाळ्या मिळवते त्या उजव्या अंगावर पैसा आणि लक्ष खर्च झाले. जे सरावात, शाळेत आणि भिंतीसमोर घडते ते अंग तसेच राहिले. कोर्टे आणखी वाढतील, त्याची चिंता नको. पुढच्या वर्षी एखाद्या जिल्हा स्पर्धेत चौदा वर्षांखालचा सामना लागलेला असेल, तेव्हा गुणफलक बाजूला ठेवून एवढेच पाहावे : प्रतिस्पर्ध्याने सर्व्हिस डाव्या अंगाला टाकली, तेव्हा ते पोर पळत फोरहँडकडे गेले, की दुसरा हात पॅडलवर नेऊन जागच्या जागी स्थिर उभे राहिले.